टाळू शिवून झाली, पण कानाचं काय?

सांगली जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलंय. मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

"माझा मुलगा २० महिन्यांचा आहे. जन्मतःच टाळूला फट होती, ओठ चांगला होता. ११व्या महिन्यात ऑपरेशन झालं, टाके छान भरले, डॉक्टर म्हणाले टाळू बंद झाली आता काळजी नाही. पण तो अजून 'आई', 'मम', 'नाना' एवढंच बोलतो. मागून हाक मारली तर कधी वळतो कधी नाही. सासूबाई म्हणतात ताट वाजवलं की दचकतो, मग कानाला काय धाड भरलीये, त्याचे बाबासुद्धा तीन वर्षांचे झाल्यावर बोलले. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत पाणी आहे म्हणून बारीक नळी टाकायला सांगितलंय, म्हणजे परत भूल. मिस्टर तयार नाहीत. शेजारच्या काकू म्हणतात लसणाचं तेल कोमट करून घाल, पाणी आपोआप सुकेल. टाळूचं ऑपरेशन झाल्यावर कानाचा प्रश्न कुठून आला तेच कळत नाही. आणि ग्रहणात मी भाजी चिरली म्हणून हे सगळं झालं असं घरात अजून बोलतात. काय करू?"

ताई, वयाने तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्याच लहान असणार पण तरी ताईच म्हणते. मी गेली अठरा वर्षं लहान मुलांचे कान तपासणं आणि त्यांना बोलायला शिकवणं हेच काम करतेय, आणि टाळूला फट असलेल्या मुलांच्या आया माझ्याकडे येतात तेव्हा दहातल्या सात-आठ जणी तुमचाच प्रश्न विचारतात, की टाळू शिवली तर कानाचं काय मधेच. तुमची यात काही चूक नाही, ऑपरेशनच्या गडबडीत ही गोष्ट कुणी नीट बसून सांगतच नाही.

तर आधी तेच सांगते. तुम्ही कधी आंबा घाटातून रत्नागिरीकडे उतरलाय का? उतरताना कानाला दडे बसतात, सगळं लांबून ऐकू आल्यासारखं होतं, मग आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो आणि टक्कन दडा सुटतो. तो सुटतो कारण नाकाच्या मागच्या बाजूपासून कानाच्या पडद्यामागच्या पोकळीपर्यंत एक बारीक नळी असते, ती एरवी मिटलेली असते आणि गिळताना उघडते, आणि ती उघडायचं काम करतो तो टाळूचा स्नायू. म्हणजे टाळूचं आणि कानाचं नातं हे असं आहे, शेजारधर्माचं नाही, एका घरातलं. हा स्नायू दोन्ही बाजूंनी येऊन टाळूच्या मधोमध एकमेकांना जोडला जातो, झोळीचं कापड दोन्हीकडून ताणलेलं असतं ना तसा. टाळूला फट असली की ती झोळी मधूनच फाटलेली असते, मग कितीही ओढली तरी ताण बसत नाही आणि नळी उघडत नाही. तुमच्या बाळाला जन्मापासून दडे बसलेलेच आहेत असं समजा, फरक एवढाच की त्याचा दडा सुटत नाही, आणि त्याला सुटलेला कान म्हणजे काय हेच माहीत नाही म्हणून तो कधी तक्रारही करणार नाही.

नळी उघडली नाही की पडद्यामागची हवा हळूहळू शोषली जाते, नवी हवा येत नाही, आणि मग तिथलं अस्तर पाणी सोडायला लागतं. सुरुवातीला पातळ, नंतर नंतर डिंकासारखं घट्ट. डॉक्टर "कानात पाणी आहे" म्हणतात ते हे. आंघोळीचं पाणी नव्हे हो, हे मला रोज सांगावं लागतं, कितीतरी आज्या मला म्हणतात आम्ही तर डोक्यावरून पाणी घालतच नाही मग कानात गेलंच कसं. ते बाहेरून जात नाही, आतच तयार होतं. अमेरिकेत पिट्सबर्गला डॉ. जॅक पॅराडाईज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली टाळूला फट असलेल्या ५० बाळांचे कान तपासून लिहिलं होतं की जवळपास सगळ्याच बाळांच्या कानात हा त्रास आहे. म्हणजे ही गोष्ट वैद्यकात पन्नास-पंचावन्न वर्षं माहिती आहे आणि तरी आपल्याकडे टाके सुकले की घरी पाठवतात, कान राहूनच जातो. याचा मला खरंच राग येतो. (फक्त ओठच दुभंगलेला असेल आणि टाळू पूर्ण चांगली असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही, हे बाकीच्या वाचकांसाठी.)

आता तुम्ही म्हणाल की स्नायू जोडून दिला ना ऑपरेशनमध्ये. दिला, पण म्हणून नळी दुसऱ्या दिवसापासून चालायला लागत नाही. लहान मुलांची ही नळी मुळात आखूड असते आणि जवळजवळ आडवी असते, मूल वाढेल तशी लांब होते, तिला उतार येतो, स्नायूत जोर येतो, तेव्हा कुठे पाणी साचायचं कमी होतं. बऱ्याच मुलांचं शाळेत जायला लागल्यावर, सहा-सात-आठ वर्षांपर्यंत सुधारतं. काहींचं त्याच्याही पुढे चालतं. म्हणून टाळूचं ऑपरेशन ही कानाच्या गोष्टीची सुरुवात धरा. आणि ११व्या महिन्यात झालं म्हणजे वेळेतच झालं, उशीर केला का वगैरे डोक्यात असेल तर काढून टाका.

सासूबाईंच्या ताटाबद्दल. त्यांचं चुकत नाहीये, त्यांना जे दिसतंय ते खरंच आहे, बाळ दचकतो. पण त्यावरून एवढंच कळतं की तो ठार बहिरा नाही. या पाण्यामुळे ऐकणं बंद होत नाही, कमी होतं, साधारण २० ते ४० डेसिबलने. आपण घरात समोरासमोर बोलतो तो आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो, कुजबुज ३० च्या आसपास, आणि ताटावर चमचा आपटला तर ते या सगळ्याच्या कितीतरी वर जातं. मग ४० वजा झाले तरी ताट ऐकू येणारच! पण स्वयंपाकघरातून तुम्ही मारलेली हाक, आणि त्या हाकेतले बारीक आवाज, स, श, फ, त, ख, हे त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत किंवा पुसट पोचतात. आणि आपली मराठी बघा ना, सगळा अर्थ शब्दाच्या शेपटीत असतो, घरात, घराला, घरून, बाबाने, बाबाचा, आणि ही शेपटी आपण किती हळू बोलतो. मूल जे ऐकतं तेच बोलायला शिकतं. अर्धवट ऐकलं तर भाषाही अर्धवटच येणार.

शिवाय हे पाणी कमीजास्त होतं. सर्दी झाली की वाढतं, नंतर हळूहळू उतरतं. म्हणून "कधी वळतो कधी नाही". घरचे म्हणतात नाटकं करतो, पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं. नाटक नसतं ते. त्याला त्या दिवशी खरंच ऐकू आलेलं नसतं, प्लीज त्याला त्यावरून रागावू देऊ नका कुणाला.

आणि तुमच्या पत्रातल्या एका ओळीने मला जास्त विचारात पाडलं. तुम्ही लिहिलंय की तो 'आई', 'मम', 'नाना' म्हणतो. तुमच्या लक्षात आलं का, यात म आणि न सोडून दुसरं व्यंजनच नाहीये. म आणि न हे नाकातून बोलायचे आवाज आहेत, ते बोलताना टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करायला लागत नाही, म्हणून फट असताना बाळांना हेच जमतात आणि ती त्यांची सवय होते. प, ब, ट, द, क, ग यांना मात्र तोंडात हवा कोंडावी लागते. टाळू बंद होऊन नऊ महिने झाले, तर आत्तापर्यंत 'बाबा', 'पापा', 'टाटा' असलं काहीतरी ऐकू यायला हवं होतं. ते येत नाहीये याची कारणं दोन असू शकतात, एक म्हणजे हे आवाज त्याला नीट ऐकूच येत नाहीत, दुसरं म्हणजे टाळू शिवली तरी अजून पुरेशी वर उचलली जात नाहीये. कधी कधी दोन्ही. हे पत्रावरून सांगता येत नाही, समोर बसवून बघावं लागतं, पण थांबून बघू तीन वर्षांपर्यंत हे मात्र अजिबात करू नका. त्याच्या बाबांच्या टाळूला फट नव्हती ना. त्यांचं उदाहरण इथे लागू होत नाही, एवढंच सासूबाईंना सांगा, आणि प्रेमाने सांगा, त्यांना नातवाची काळजी आहे म्हणूनच त्या ताट वाजवून बघतायत.

आता नळी टाकायची की नाही. या नळीला ग्रोमेट म्हणतात, तांदळाच्या दाण्यापेक्षाही छोटी असते, कानाच्या पडद्याला बारीक चीर देऊन आतलं पाणी ओढून काढतात आणि त्या चिरेत ती बसवतात. तिच्यातून हवा आत जाते, म्हणजे नाकामागची ती नळी जे काम करत नाहीये ते ही तात्पुरतं करते. साधारण ६ ते १२ महिने टिकते आणि पडदा स्वतःच तिला बाहेर ढकलतो, बहुतेक वेळा काढायला लागत नाही.

सगळ्या डॉक्टरांचं यावर एकमत नाहीये हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. काही ठिकाणी टाळूच्या ऑपरेशनच्या वेळीच, त्याच भुलीत, कान तपासून लागलं तर ग्रोमेट टाकून देतात (तुमचं तेव्हा कुणी विचारलं असतं तर ही दुसरी भूल कदाचित वाचली असती, याचं वाईट वाटतं). काही ठिकाणी सरसकट टाकत नाहीत, आधी ऐकणं किती कमी आहे ते मोजतात आणि मगच ठरवतात, ब्रिटनमध्ये तर ग्रोमेटऐवजी श्रवणयंत्राचा पर्यायही पालकांसमोर ठेवतात. कारण ग्रोमेटचेही त्रास आहेत, कान वाहू शकतो, पडद्यावर पांढरा डाग राहतो, थोड्या मुलांत पडद्याला भोक राहून जातं. आणि ती पडल्यावर पाणी परत साचलं तर परत टाकायची वेळ येते.

माझं मत विचाराल तर, दोन्ही कानांत पाणी, तीन महिने झाले तरी हटलेलं नाही, ऐकणं मोजून कमी आलंय, आणि मूल बोलण्यात मागे पडतंय, या सगळ्या गोष्टी एकत्र असतील तर मी ग्रोमेटच्या बाजूने आहे. माझं स्वतःचं मूल असतं तर मी टाकली असती. पण तुमच्या पत्रात मला दोन गोष्टी सापडल्या नाहीत, पाणी एकदाच बघितलंय की दोन-तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा, आणि ऐकणं मोजलंय का. नुसतं कानात बघून पाणी दिसतं, ऐकू किती येतं ते दिसत नाही.

म्हणून भुलीचा निर्णय घ्यायच्या आधी या टेस्ट करून घ्या. एक टिम्पॅनोमेट्री, कानाच्या तोंडाशी रबरी बोंड लावून हवेचा दाब बदलतात, दुखत नाही, एक-दोन मिनिटांत होते, पडदा मोकळा हलत असेल तर कागदावर डोंगरासारखी रेघ येते आणि मागे पाणी असेल तर सपाट. दुसरी, २० महिन्यांच्या मुलासाठी मला सगळ्यात आवडते ती, आवाज अडवलेल्या खोलीत आईबाबांच्या मांडीवर बसवून स्पीकरमधून आवाज सोडतात, मूल आवाजाकडे वळलं की तिथलं खेळणं उजळतं, मग त्याला गंमत वाटते आणि ते हळूहळू बारीक आवाजालाही वळायला लागतं, आणि कुठल्या आवाजापर्यंत वळतं त्यावरून अंदाज येतो. सगळीकडे ही सोय नसते. नसेल, किंवा बाळ साथ देत नसेल, तर बेरा टेस्ट, झोपेत डोक्याला वायरी चिकटवून करतात, झोपेचं औषध देतात बहुतेक, ऑपरेशनसारखी भूल लागत नाही. बेरा करताना हवेतून आणि हाडातून दोन्ही मार्गांनी करा असं सांगा, कारण कमी ऐकू येणं फक्त पाण्यामुळे आहे की आतली नसही कमजोर आहे ते त्यावरून कळतं. टाळूला फट असलेल्या काही मुलांमध्ये नसेचाही दोष असतो, आणि तो असेल तर नुसत्या ग्रोमेटने भागणार नाही, हे नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आणि जन्मल्यावर कानात बारीक खुंटी घालून करतात ती ओएई टेस्ट झाली असेल तर तिच्या जुन्या कागदावर विसंबू नका, ती पास असो नापास असो, या मुलांचे कान पुढेही बदलत राहतात.

मिस्टरांना भुलीची भीती वाटते, वाटणारच, पोटच्या पोराला ऑपरेशनच्या दारातून आत नेताना बघितलंय त्यांनी एकदा. त्यांना एवढं सांगा की टाळूच्या ऑपरेशनला जेवढा वेळ लागला त्याच्या मानाने हे अगदी थोडक्यात उरकतं, दोन्ही कानांचं मिळून साधारण १५ मिनिटांचं काम, बहुतेक त्याच दिवशी घरी. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी प्रत्यक्ष भेटून बोला, मागच्या भुलीच्या वेळी काही झालं होतं का ते सांगा, बाळाची हनुवटी लहान असेल किंवा श्वासाला आवाज येत असेल तर तेही आवर्जून सांगा. सर्दी-खोकला असला तर ते तारीख पुढे ढकलतील, ढकलू द्या. आणि तरीही मन तयार झालं नाही तर वाट बघत बसण्यापेक्षा श्रवणयंत्राबद्दल विचारा. आपल्याकडे यंत्र म्हटलं की लोक काय म्हणतील सुरू होतं, पण या मुलांना ते खूप छान लागू पडतं कारण बहुतेकांची नस चांगली असते, फक्त आवाज थोडा मोठा करून द्यायचा असतो, आणि पाणी गेलं की यंत्रही जातं. माझ्या मते यात वाईट निर्णय एकच आहे, काहीच न करणं.

काकूंचं तेल. ताई, ते पाणी पडद्याच्या पलीकडे आहे आणि तेल पडद्याच्या अलीकडे राहणार, दोघांची भेटच होत नाही, मग सुकणार कसं? उलट गरम तेलाने कानाची कातडी पोळते, बुरशी धरते, आणि पडद्याला भोक असेल किंवा पुढे ग्रोमेट टाकली तर तेच तेल सरळ आत जाऊन कान वाहायला लागतो. कानात काहीही नको. तेल नाही, दूध नाही, मेडिकलमधून विचारून आणलेले ड्रॉप्स नाहीत. सर्दीची औषधं महिनोनमहिने पाजूनही हे पाणी जात नाही. जाता जाता, आपल्या भाषेत डोक्यावरच्या मऊ जागेलाही टाळू म्हणतात आणि तोंडातल्या छतालाही टाळू म्हणतात, त्यामुळे एका आजीने माझ्याकडे येईपर्यंत चार महिने बाळाच्या डोक्यावर तेल जिरवलं होतं, फट भरून येईल म्हणून. काय मायेने केलं असेल त्यांनी, आणि कुणी नीट समजावलं नाही त्यांना.

ग्रोमेट टाकलीच तर आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात, साबणाचं पाणी आत जाऊ द्यायचं नाही, विहिरीत-नदीत डुंबणं तेवढे दिवस बंद. कान वाहिला तर घाबरू नका पण घरी उपायही करू नका, डॉक्टर बहुधा कानात घालायचे ड्रॉप्स देतात आणि ते पुरतात. मात्र घाण वास येणारं पाणी परत परत येत असेल, ग्रोमेट असो नसो, तर ताबडतोब दाखवा, या मुलांमध्ये पडदा आत ओढला जाऊन हाड खाणारा एक आजार पुढे होऊ शकतो आणि तो लवकर धरावा लागतो.

एक गोष्ट मात्र लिहूनच ठेवा, फाईलच्या पहिल्या पानावर. पुढे कधी कुणी म्हणालं की नाकामागच्या गाठी, अॅडेनॉइड, वाढल्यात, काढून टाकू म्हणजे कान सुधारेल, तर टाळूचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना आणि स्पीच थेरपिस्टला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. इतर मुलांत हे ऑपरेशन नेहमीचं आहे, पण शिवलेली टाळू बऱ्याचदा त्या गाठीला टेकूनच नाकाची वाट बंद करत असते, गाठ काढली की वाट उघडी पडते आणि बोलणं एकदम नाकातून यायला लागतं. असं झालेली मुलं मी बघितलीयत.

बोलण्यासाठी घरी काय करायचं ते विचारलं नाहीत तुम्ही पण सांगते. टीव्ही बंद. त्याच्या उंचीला खाली बसून, उजेडात, तोंड दिसेल असं, दोन-तीन हातांवरून बोला, दुसऱ्या खोलीतून नको. ओरडायचं नाही, ओरडल्याने ओठांचे आकार बिघडतात. प आणि ब चा खेळ करा, पापड, पोपट, बाबा, बस, बॉल, ओठ मिटून हवा सोडताना तोंडासमोर कागदाचा कपटा धरा, तो उडाला की त्याला मजा वाटते. नाकातून हवा जाते का ते बघायचं तर 'पापापा' म्हणताना नाकाखाली छोटा आरसा धरा, आरशावर वाफ धरली तर थेरपिस्टला सांगा. पण फुगे फुगव, शिट्टी वाजव, स्ट्रॉने पी, म्हणजे टाळूला ताकद येईल असं कुणी सांगितलं तर त्यात वेळ घालवू नका, फुंकणं वेगळं आणि बोलणं वेगळं, बोलणं बोलूनच येतं. आणि तो 'पाणी' ऐवजी 'आणी' म्हणत घशातून अडकल्यासारखा आवाज काढायला लागला तर लगेच थेरपी सुरू करा, ती सवय पक्की झाली की मोडायला फार वेळ जातो.

ज्यांची बाळं अजून दुधावर आहेत त्यांच्यासाठी थोडं. दूध पाजताना बाळाला उभं-तिरकं धरा, आडवं नाही, आडव्या बाळाचं दूध नाकात आणि तिथून त्या नळीच्या तोंडापर्यंत जातं. दाबून दूध देता येणारी बाटली मिळते, नसेल तर वाटी-चमचा, किंवा आपलं जुनं बोंडलं, पण बसवून आणि सावकाश. आईचं दूध काढून पाजता आलं तर कानासाठी ते फार चांगलं. घरात विडी-सिगरेट आणि चुलीचा धूर बाळापासून लांब.

पैशांचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचा दुभंगलेला ओठ, टाळू आणि ऐकण्याचा दोष हे सगळं येतं, अंगणवाडी ताईंना विचारा, त्या या कार्यक्रमाच्या पथकाकडून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतील. स्माईल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलांत टाळूचं ऑपरेशन फुकट होतं, तुमचं तिथे झालं असेल तर स्पीच थेरपीची काही सोय आहे का तेही तिथेच विचारा, बरेच जण टाके काढले की परत जातच नाहीत. मुंबईला जाणं जमत असेल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासून कान आणि वाचा याच कामासाठी, आणि श्रवणयंत्राला केंद्र सरकारच्या अडिप योजनेतून मदत मिळते.

ग्रहणाबद्दल मुद्दाम शेवटाकडे लिहितेय कारण पत्रात तुम्हीही ते शेवटी लिहिलंय, आणि शेवटी लिहिलेलंच जास्त टोचत असतं. टाळूच्या दोन बाजू पोटात तिसरा महिना संपायच्या आतच जुळून येतात. कितीतरी जणींना तेव्हा नुकती कुठे गोड बातमी कळलेली असते. जगात साधारण ७०० बाळांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू अशी दुभंगलेली असते, आणि जिथे ग्रहण पाळणं हा प्रकारच माहीत नाही अशा देशांतही असतेच. काही अंशी घराण्यातून येतं, काही औषधांनी, धूम्रपानाने धोका वाढतो, आणि बऱ्याच वेळा एक असं कारण सापडतच नाही. तुमच्या भाजीच्या विळीने काहीही झालेलं नाही. कुणी परत बोललं तर हे पान वाचायला द्या. पुढच्या खेपेचा विचार असेल तेव्हा आधीपासून फॉलिक अॅसिड सुरू करायला डॉक्टरांना विचारा, एवढंच.

माझ्याकडे एक मुलगी आली होती, पाच वर्षांची. टाळू दीड वर्षाची असताना एका शिबिरात शिवलेली, त्यानंतर कान कुणीच बघितला नव्हता. शाळेतून सांगितलं होतं हिला समजत नाही, वेगळ्या शाळेत घाला. दोन्ही कानांत घट्ट पाणी, ४० डेसिबल कमी. ग्रोमेट टाकल्यावर आठवड्याने आई सांगत आली की रात्री पाऊस आला आणि पत्र्यावरचा आवाज ऐकून ही उठून बसली, विचारते हे काय वाजतंय. पाच पावसाळे त्याच पत्र्याखाली काढले होते तिने. ती हुशार होती हो, भरपूर हुशार, पण हातातून गेलेली ती तीन-चार वर्षं भरून काढायला तिला आणि मला खूप कष्ट पडले. तुमचा बाळ २० महिन्यांचा आहे, त्याच्याकडे ती वर्षं अजून आहेत.

तेव्हा याच आठवड्यात टेस्टची वेळ घ्या, आणि नंतर निदान पाच वर्षांचा होईपर्यंत दर तीन ते सहा महिन्यांनी कान दाखवत राहा, बरं वाटलं तरी. आणि मिस्टरांना टेस्टच्या दिवशी नक्की बरोबर न्या. आवाजाच्या खोलीत एका पालकाला मूल मांडीवर घेऊन बसू देतात, तुम्ही बाहेर थांबा आणि त्यांना आत बसवा. स्पीकरमधून येणारे बारीक आवाज त्यांना स्वतःला ऐकू येतील, आणि मांडीवरचं पोर कुठल्या आवाजाला वळतं आणि कुठल्याला नाही ते त्यांचं त्यांना दिसेल. मग घरी येऊन दोघं मिळून ठरवा.